चक्र क्रमांक ४२३

जुन्या हत्यारांच्या धंद्यात तिला सगळे भिंगवाल्या बाई म्हणून ओळखत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की 'भिंगवाली'. भिंग गळ्यात काळ्या दोरीला लटकलेलं असे. ते डोळ्याला लागलं की समोरच्या घराण्याचं काहीतरी अर्ध्या तासात खाली येणार, हे ठरलेलं.

कारण तिच्याकडे सहाबारी पिस्तूल एकटं येत नसे, त्याच्यासोबत गोष्ट येई. पणजोबांनी ते एका दरोडेखोराच्या हातातून हिसकावलेलं असे, नाहीतर एका सेनापतीनं खूश होऊन बक्षीस दिलेलं असे. चाळीस वर्षांत तिच्या टेबलावर इतकी बक्षिसं आली होती, की तो सेनापती लढाईला जाताना मागे पिस्तुलांची हातगाडी ओढत नेत असावा. ती मध्ये बोलत नसे. "असं का," म्हणे. गोष्ट संपली की मऊ कापड पसरी आणि वस्तू त्यावर आडवी ठेवी.

आधी रंग. नवं असताना पोलादावर निळसर काळी झळाळी असते. ती नळीच्या टोकाला आणि कडांना उडालेली असली, तर वस्तू खरोखर कुणाच्या तरी कमरेला वर्षानुवर्षं घासली गेली आहे. सगळीकडून आरशासारखी चकाकत असली, तर बाई उसासा सोडत.

"हे कुणी घासलं?"

"मीच. काल. म्हटलं, तुम्हाला दाखवायचं तर जरा स्वच्छ करून न्यावं."

"छान घासलंत. निम्मी किंमत घासलीत."

मग नंबर. कारखान्यात प्रत्येक पिस्तुलाला एक नंबर मिळे, आणि तोच नंबर सांगाड्यावर, नळीखाली, मुठीच्या लाकडाच्या आतल्या बाजूला आणि चक्राच्या पाठीवर ठोकला जाई. चक्र म्हणजे सहा गोळ्यांची सहा घरं असलेला तो फिरता गोळा. चारही ठिकाणी एकच नंबर असला तर वस्तू अखंड. एक जरी वेगळा निघाला तर किंमत निम्म्यावर येई, आणि वस्तू घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा त्याहून खाली.

हे सगळं तिला वडिलांनी शिकवलं. दुकान त्यांचंच. खाली लांबट खोली, भिंतीला काचेची कपाटं, मागे तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास असलेली कामाची जागा, वर राहण्याच्या तीन खोल्या. वडील म्हणत, गोष्ट ऐकून घ्यायची, विकत घ्यायची नाही. हे ते इतक्यांदा म्हणत की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मग मला घेताना काय ऐकलं होतंत?" आई लवकर गेली. मग घरात तिघंच उरली: वडील, ती, आणि तिच्याहून पाच वर्षांनी लहान असलेला भाऊ, ज्याला घरात आणि दुकानात सगळेच 'धाकटा' म्हणत.

तिला डोळा होता, धाकट्याला हात होता. तिनं सांगावं, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, थकली आहे, आणि त्यानं ती खोलून, साफ करून, पुन्हा अशी बसवावी की घोडा मागे ओढताना घड्याळासारखा आवाज यावा. महिन्यातून एकदा तो दुकानातली सगळी हत्यारं उघडून तेल देई. काम करताना शीळ घाली. वडिलांना शीळ आवडत नसे, म्हणून ते आले की थांबे आणि वळले की तिथूनच पुढे चालू करी. "एक सूर गेला मध्ये," ती म्हणायची. "तो बाबांनी खाल्ला," तो म्हणायचा.

दुकानात एक पिस्तूल विकायचं नव्हतं. धाकटा जन्मायच्या तीन वर्षं आधी पोलिसांच्या जुन्या कोठारातला माल लिलावात निघाला, तेव्हा वडिलांनी ते घेतलेलं. त्यांची पहिली खरेदी. मधल्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर, मखमलीवर ते पडलेलं असे. पण एका वर्षी एक संग्राहक हटून बसला. दर पंधरवड्यानं यायचा, कपाटासमोर उभा राहायचा आणि न बोलता जायचा. शेवटी वडील विरघळले. "घेऊन जा बाबा एकदाचं, काचेला तुझ्या श्वासाचे डाग पडलेत." आणि तिला म्हणाले, "याचं वर्णन तू लिही. पूर्ण. सही तुझी."

ती चोवीस वर्षांची होती. आजवर तिनं लिहिलेल्या कागदांवर सही वडिलांची असे. तिनं दिवस ठरवून, खिडकीपाशी टेबल ओढून, पिस्तूल सुटं केलं. सांगाडा ४१७. नळी ४१७. मूठ ४१७. चक्राच्या पाठीवर घट्ट झालेल्या ग्रीसचा थर होता. तिनं तो काडीनं खरवडला, भिंग लावलं.

४२३.

पुन्हा पाहिलं. खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला. वडिलांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट तिच्या नजरेनं पकडली होती. ती जवळजवळ धावतच त्यांच्याकडे गेली.

वडिलांनी भिंग घेतलं, पाहिलं, खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी घेताना चारही नंबर पाहिले होते. चारही एक होते."

म्हणजे चक्र नंतर बदललं गेलं होतं. म्हणजे कुणीतरी बदललं होतं. अस्सल चक्र नुसतं विकलं तरी चांगले पैसे येतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते पिस्तूल वडिलांखेरीज एकच माणूस उघडत असे, महिन्यातून एकदा, शीळ घालत.

आयुष्यात तिनं शेकडो गोष्टी तपासल्या. त्या दिवशी एक तपासल्याशिवाय घेतली, कारण ती वडिलांच्या आवाजात आली होती.

धाकट्याच्या पायात त्या महिन्यात नवे बूट होते. कोर्टात हा पुरावा टिकला नसता, पण घराला पुरला. वडिलांनी त्याला कामाच्या जागेत उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मी नाही." दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी वडिलांनी जेवणाच्या ताटावर विचारलं आणि तो ताटावरून उठला. ती त्याच्यामागे गेली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला होता, बूट काढून बाजूला ठेवलेले.

"हो म्हणून टाक," ती म्हणाली.

"पण ताई, मी—"

"बाबांचं तुला माहीत नाही का? हो म्हटलंस की दोन दिवस तोंडसुख घेतील, मग विसरतील. नाही म्हणत राहिलास तर हे असंच चालू राहणार. मी आहे ना."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग बूट उचलले, वर गेला आणि हो म्हणाला.

वडिलांनी तोंडसुख घेतलं नाही. काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची ट्रंक दुकानाच्या पायरीवर होती. ती 'मी आहे ना' म्हणाली होती, आणि ती होतीच. दारात उभी होती. विक्री रद्द झाली, पिस्तूल मखमलीवरून उचलून खणात गेलं, आणि घरात शीळ घालणारं कुणी उरलं नाही.

पुढची चौतीस वर्षं तिनं स्वतःला दोन गोष्टी सांगितल्या. एक, चोरी त्यानंच कबूल केली होती. दोन, तिनं त्याला वाचवायचा प्रयत्न केला होता. दोन्ही गोष्टी इतक्या व्यवस्थित एकमेकींत बसत होत्या, की भिंग लावायची वेळ कधी आली नाही. वडील गेले. दुकान तिचं झालं. लग्न राहून गेलं, कुणी विचारलं तर म्हणे, "स्थळं आली होती, पण नंबर जुळले नाहीत." धाकटा चार तासांच्या अंतरावरच्या एका गावात शिलाई मशीन दुरुस्त करतो, असं एका संग्राहकानं कधीतरी सांगितलं होतं, पत्त्यासकट. तिनं पत्ता लिहून घेतला आणि तिथे गेली नाही.

मग एका मंगळवारी एक निवृत्त मास्तर आले. काखेत लाकडी पेटी, सोबत बायको. पेटी बायकोच्या वडिलांची.

"किल्ली हरवली होती," मास्तर म्हणाले. "सासरे सांगायचे, आत पिस्तूल आहे. आम्हाला वाटायचं, म्हातारा धाक दाखवतोय."

"धाकच दाखवत होते," बायको म्हणाली. "जावई बघून."

"गेल्या आठवड्यात कुलूपवाला आणून उघडली. खरंच निघालं. आता याच्यामागची गोष्ट अशी—"

"असं का," ती म्हणाली.

पण गोष्ट छोटीच निघाली. सासऱ्यांनी पिस्तूल पोलिसांच्या कोठाराच्या लिलावात घेतलं होतं. कुठला सेनापती नाही, दरोडेखोर नाही. पेटीत घडी करून ठेवलेली पावतीही होती. असं साधं खरं तिला कधी मिळत नसे, म्हणून ती खुशीतच कामाला लागली. रंग मूळचा, कुणी घासलेला नाही. सांगाडा ४२३. नळी ४२३. मूठ ४२३. तिचा हात जरा थांबला, इतकंच. मग तिनं चक्र बाहेर काढलं, पाठ उजेडाकडे केली.

४१७.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. "खोटं आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पावती बघू."

पावतीवर कोठारातल्या कुणा काटेकोर कारकुनानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: सहाबारी पिस्तूल क्र. ४२३, चक्र क्र. ४१७, सफाईत अदलाबदल, आहे त्या स्थितीत विक्री. खाली तारीख. तारीख धाकट्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधीची होती.

लिलावाआधी कोठारातली सगळी हत्यारं सुटी करून एका हौदात धुतली असणार, आणि जोडताना दोन चक्रं एकमेकांच्या घरात गेली असणार. बस, एवढंच. गर्दीत चपला बदलतात तसं. हे उदाहरण तिनं दिलं नाही, तिनं कसंबसं समजावून सांगितल्यावर मास्तरांनीच ते दिलं, आणि बायको म्हणाली, "यांच्या बदलल्या तरी यांना घरी येईपर्यंत कळत नाही."

"मग ते ४१७वालं कुणाकडे असेल हो?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

पिस्तूल ठेवून घेऊन आणि त्यांना दोन दिवसांनी यायला सांगून तिनं दुकानाचं दार लावलं. वडिलांच्या खरेदीच्या फायली तिच्या खुर्चीच्या मागच्याच कपाटात होत्या. मान वळवली असती तर दिसल्या असत्या, हात लांब केला असता तर हाताला लागल्या असत्या. त्या वर्षाची फाईल तिनं कधी उघडली नव्हती, कारण जी वस्तू विकायची नाही तिचे कागद कशाला लागतात? पहिलाच कागद तो होता. तोच कारकून, तेच अक्षर. सहाबारी पिस्तूल क्र. ४१७, चक्र क्र. ४२३, सफाईत अदलाबदल. खाली माल घेणाऱ्याची सही. वडिलांची सही तरुणपणी जरा तिरकी होती.

वडील विसरले होते, की वाचल्याशिवायच सही केली होती, की सगळं माहीत असून मुलीसमोर आणि गिऱ्हाइकासमोर कमीपणा नको म्हणून तसं बोलले होते? तिन्ही शक्य होतं. सह्यांवरून माणूस ओळखता येतो असा दावा करणारे लोक तिच्या धंद्यात होते. ती त्यांना कायम हसत आली होती. त्या दिवशी तिनं त्या तिरक्या सहीवर भिंग धरून एक तास घालवला.

मास्तर आले तेव्हा तिनं दोन्ही पिस्तुलांचे फोटो काढून ठेवले होते. मग त्यांच्या समोरच तिनं चक्रं बदलली. एक आस ओढायची, चक्र बाहेर, दुसरं आत, आस पुन्हा ढकलायची. दहा मिनिटांत दोन्ही हत्यारं निर्दोष झाली. मास्तरांच्या वस्तूची किंमत दुप्पट झाली. त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही देवमाणूस आहात." बायको म्हणाली, "रडू नका हो, त्यांनाही रडू यायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाच्या छापील कागदावर प्रमाणपत्र लिहिलं. अशी शेकडो लिहिलेली असल्यामुळे हात आपोआप चालला: सदर वस्तूची प्रत्यक्ष तपासणी केली असता असे आढळून आले की. पुढे आढळून आलेलं लिहायला मात्र सकाळची दुपार झाली. शेवटचं वाक्य असं झालं, की सदर चक्र विक्रीपूर्वीच बदललेले असून त्यानंतर कोणीही त्यास हात लावलेला नाही. सही केली, शिक्का मारला, दोन्ही पावत्यांच्या प्रती जोडल्या आणि चार तासांची बस पकडली.

त्याचं दुकान तिला वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ होतं. पुढे फळी टाकलेली, फळीमागे ओळीनं काळी मशीनं, प्रत्येकाच्या गळ्यात गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. आतल्या खोलीत कामाचं टेबल. त्यावर वाकलेला पाठमोरा माणूस तिनं ओळखला तो मानेवरून. बाकी केस पांढरे होते आणि शीळ नव्हती.

"बसा," तो न वळता म्हणाला. मग वळला.

कानस हातातच राहिली. ती त्यानं जपून, टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. "बसा," तो पुन्हा म्हणाला.

ती बसली. वाटेत बसमध्ये तिनं बरंच जुळवलं होतं, ते सगळं गेलं. तिनं पर्स उघडली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चष्मा लावला आणि वाचला. पावत्या वाचल्या. तारखा वाचल्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "याची फी किती घेता?"

"धाकट्या—"

"नाही, विचारलं आपलं. शिक्का वगैरे आहे." त्यानं चष्मा काढला. "मला माहीतच होतं की मी केलं नाही. मला कागद कशाला?"

"मला नव्हतं माहीत."

तो तिच्याकडे पाहत राहिला. हे मात्र त्याला नवीन असावं. "तुला माहीत नव्हतं?" तो म्हणाला. आवाज अचानक एकोणीस वर्षांचा झाला होता. "मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, ताईला नंबरांचं सगळं कळतं, तिच्या डोक्यात काहीतरी असेल. म्हणून तर हो म्हटलं. नाहीतर कशाला म्हटलं असतं मी हो?"

तिच्याकडे बोलण्यासारखं एवढंच होतं की तिच्या डोक्यात काहीच नव्हतं.

"बूट आईच्या पैशांचे होते," तो म्हणाला. "तिनं ठेवले होते माझ्यासाठी. बाबांना सांगितलं असतं तर ते तिच्यावर घसरले असते, गेलेल्या माणसावर. असो. झालं ते."

"मी लोकांना सांगते," ती म्हणाली. "धंद्यातल्या सगळ्यांना कळवते. तुझ्या घरच्यांना मी स्वतः—"

"तेच नको." तो पटकन म्हणाला, आणि दाराकडे पाहून आवाज उतरवला. "मला एक मुलगी आहे. सव्वीस वर्षांची. हे दुकान खरं तीच चालवते. बायको गेली चार वर्षांपूर्वी, तिलाही मी काही बोललो नव्हतो. मुलीला वाटतं तिचा बाप गरीब घरातला, कुणी नसलेला, पण सरळ माणूस आहे. आता हा कागद दाखवायचा तर आधी चोरी सांगावी लागेल. तिच्या लेखी मी कधी चोर नव्हतोच. सुटायचं म्हणून आधी चोर होऊ का या वयात?"

"आणि मी?" ती म्हणाली. "माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

त्यानं कानस उचलली, पाहिली, परत ठेवली. "अकरा वर्षांची असताना विचारलं तिनं, मला आत्या नाही का? सुचलं ते सांगितलं. म्हटलं, होती. गेली."

"कशानं?" तिनं विचारलं. सवयीनं, तपशील विचारावा तसं.

"तापानं."

"किती वर्षांची होते मी?"

"चोवीस," तो म्हणाला.

पुढच्या दारात पावलं वाजली, पिशवी फळीवर टेकल्याचा आवाज आला. मुलगी आत डोकावली. कपाळ आईचं होतं, म्हणजे त्यांच्या दोघांच्या आईचं. बघताक्षणी ओळखू येईल असं, आणि ओळख सांगता येणार नाही असं.

"बाबा, कोण आलंय?"

"गिऱ्हाईक," तो म्हणाला. कागद कधी घडी होऊन त्याच्या खिशात गेला हे कळलं नाही. "यांचं मशीन बिघडलंय."

"कुठलं आहे हो मावशी?" मुलीनं विचारलं. अनोळखी बाईला कुणीही मावशी म्हणतं. आत्या म्हणायला नातं लागतं.

"जुनं आहे," ती म्हणाली. "काळं. हातानं फिरवायचं."

"काय होतंय? धागा तुटतो का?"

"तुटतो," ती म्हणाली. "सारखा."

"घेऊन या ना मग. बाबा बघतील. बाबांच्या हाताखालून गेलं की मशीन बिघडायचं नावच काढत नाही." मुलगी हसली. "चहा ठेवू का? लांबून आलात वाटतं."

"त्यांची बस आहे," तो म्हणाला. "निघायचं असेल तुम्हाला."

ती निघाली.

तिच्याकडे शिलाई मशीन नव्हतं. आठवडाभर तिनं ते मनातून काढायचा प्रयत्न केला, म्हणजे दिवसातून तीनदाच विचार केला. मग जुन्या बाजारात गेली आणि पाचव्या दुकानात तिला हवं तसं मिळालं: काळं, हाताचं, सोनेरी वेलबुट्टी निम्मी झिजलेली. विकणाऱ्यानं गोष्ट सुरू केली, की हे एका मोठ्या गायिकेच्या शिंप्याचं. तिनं ती पूर्ण ऐकली. पहिल्यांदाच मध्ये प्रश्नही विचारले. घरी आणून चालवून पाहिलं तर मशीन उत्तम चालत होतं. एकाही टाक्यात खोट नव्हती. शेवटी तिनं घड्याळजीचा बारीक पेचकस घेतला आणि बॉबिनच्या डबीवरचा तो तिळाएवढा स्क्रू दोन आटे मागे फिरवला. चालवलं. धागा तुटला. पुन्हा चालवलं. पुन्हा तुटला. असं समाधान तिला अखंड पिस्तूल सापडल्यावरही झालं नव्हतं.

मशीन भलतंच जड होतं. बसच्या कंडक्टरनं विचारलं, "आजी, यात काय मुडदा आहे काय?" आणि उचलायला हात लावला.

फळीवर मुलगी एकटी होती. तिनं मशीन ठेवून घेतलं, गळ्यात चिठ्ठी बांधली. आत टेबलापाशी पाठ दिसत होती, वाकलेली. वळली नाही. "आठ दिवसांनी या मावशी," मुलगी म्हणाली, आणि चिठ्ठीवर लिहायला पेन उचलून थांबली. "नाव काय लिहू?"

"भिंगवाली लिही. त्यावरून कळेल."

"कुणाला?"

"मलाच," ती म्हणाली.

आठ दिवस तिनं दुकानात एकाही घराण्याला नाराज केलं नाही. एका गृहस्थाच्या बनावट पिस्तुलाला तर ती "पाहायला छान आहे" असंही म्हणाली. गृहस्थ घाबरून दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेले. तिनं ठरवून टाकलं होतं. मशीन मिळालं की दोन महिने थांबायचं, मग सुईची दांडी जरा वाकवायची. नंतर चाक. जुन्या मशीनला काय, पन्नास ठिकाणी पन्नास गोष्टी होऊ शकतात. वर्षाला सहा फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. तो वळेल न वळेल, मुलगी बोलते.

नवव्या दिवशी ती गेली. मुलीनं मशीन फळीवर घेतलं, जुन्या चादरीचा एक तुकडा सुईखाली घातला आणि चाक फिरवलं. टीप पडत गेली, सरळ, एकसारखी, आवाज न करता.

"बघा! लोण्यासारखं चालतंय. बाबांनी सगळं उघडलं होतं. एका डबीचं काम होतं, पण पाच दिवस बसले याच्यावर. झिजलेलं सगळं बदललं, स्क्रू घट्ट करून त्यावर लाख लावली. म्हणाले, आता याला काही म्हणजे काही होणार नाही. यांना परत आणायची वेळ येऊ द्यायची नाही."

"असं का," ती म्हणाली.

"आणि एक गंमत." मुलीनं आवाज खाली आणला. "तो स्क्रू आपोआप ढिला होत नसतो. कुणीतरी हातानं फिरवलाय, पेचकसाची खूण आहे त्यावर. मी म्हटलं, बाबा, मावशींना विचारू या का, घरात कुणी असं करतं का? तर माझ्यावरच रागावले. म्हणाले, कुणी केलं ते विचारायचं नाही. कधीच विचारायचं नाही." ती हसली. "तसे रागीट नाहीत हो. कधी ओरडत नाहीत."

"आत आहेत का?"

"आहेत की. हाक मारू?"

आतून कानशीचा आवाज येत होता. तो थांबला.

"नको," ती म्हणाली. "कामात असतील."

मुलगी चादरीच्या तुकड्याची घडी करत होती. आत काहीच वाजत नव्हतं. बराच वेळ वाजलं नाही, इतका वेळ की ती फळीवर दोन्ही हात टेकून उभीच राहिली. मग कानस पुन्हा सुरू झाली, आणि तिनं मशीन उचललं.